उन्हाची भट्टी : घरची पाव-रोटी आणि तिचा खरा हिशेब

मार्च लागला की आमच्या वरवट बकालच्या बाजारात दुपारी माणूस दिसत नाही. दुकानाची फळी अर्धी ओढून घ्यावी लागते आणि ओट्यावरच्या पत्र्याला हात लावता येत नाही. एवढी आच फुकट वाया जाते, ती घरच्या पाव-रोटीच्या कामी आली तर किती बरे होईल, असा विचार कधी ना कधी प्रत्येकाच्या मनात येतो. आमच्याही मनात आला. बेकरी हा आमचा धंदा नव्हे, आम्ही कापडाचे व्यापारी. परंतु गेले तीन हिवाळे आणि तीन उन्हाळे घराच्या गच्चीवर सूर्यचुलीत, म्हणजे ज्याला आपण सोलर कुकर म्हणतो त्यात, पाव भाजण्याचा प्रयोग आम्ही व घरच्या मंडळींनी केला. त्यातून जे कळले ते व्यापारी आणि कारीगर बांधवांपुढे मांडत आहोत.

हा प्रश्न आता केवळ घरगुती राहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. मुंबईच्या पावाच्या धंद्यात आपले किती बांधव आहेत हे सांगायला नको. तेव्हापासून आमच्या भागातील बेकरीवालेही विचारू लागले आहेत की, उद्या हाच नियम इकडे आला तर काय करावे? उन्हावर भट्टी चालेल का?

उत्तर आधीच सांगतो, म्हणजे वाचकांचा गोंधळ होणार नाही. घरासाठी उन्हात पाव उत्तम होतो. टोस्ट आणि नानखटाई यांचा छोटा जोडधंदा होऊ शकतो. परंतु रोज पहाटे शेकडो पाव देणारी भट्टी पेटीच्या सूर्यचुलीवर चालत नाही. का चालत नाही, हे नीट समजून घेतले तर पैसा बुडणार नाही. म्हणून हा धडा.

उन्हाने पाव कसा भाजतो?

पेटीची सूर्यचूल तीन गोष्टींवर चालते. काळा रंग ऊन पिऊन घेतो. वरची दुहेरी काच ऊन आत येऊ देते, पण तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाही. पेटीच्या भिंतीत भरलेला थर आच धरून ठेवतो. चौथी वस्तू आरसा. तो जादा ऊन काचेवर टाकतो. ही युक्ती नवी नाही. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेच्या पेटीत फळे शिजवली होती. आपल्या सरकारने १९८० च्या दशकात सवलत देऊन अशा पेट्या घरोघर पोचवण्याचा प्रयत्न केला. वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर त्यातली एखादी अजून पडलेली असेल.

ती माळ्यावर का गेली? कारण लोकांनी तिच्याकडून रोटी-भाकरीची अपेक्षा केली. तव्याची रोटी दोन मिनिटांत फुगते, कारण तवा दोनशे अंशांच्या वर तापलेला असतो. पेटीत आमच्या थर्मामीटरने चांगल्या उन्हात ११५ ते १३० अंश दाखवले, त्यापुढे क्वचितच. एवढ्या आचेवर भाकरी वाळते, भाजली जात नाही. पण पावाचे गणित वेगळे आहे. पावाचा गाभा ९३ ते ९५ अंशांवर गेला की पाव शिजला. त्यासाठी १२० अंशांची हवा पुरते, फक्त वेळ जास्त लागतो. तंदूरची घाई उन्हाला नसते आणि खमिराच्या पिठालाही नसते. म्हणून या पेटीशी रोटीपेक्षा पावाचे जमते.

पेटी कोण बनवील?

तयार पेटी विकत मिळते. पण आमचा आग्रह आहे की ती आपल्याच सुताराकडून आणि पत्र्याचे काम करणाऱ्या कारीगराकडून करून घ्यावी. बिघडली तर तोच दुरुस्त करील आणि मजुरी गावातच राहील. आम्ही एक पेटी तयार घेतली व दुसरी करून घेतली. तयार पेटीच्या आरशाचा पारा दुसऱ्या पावसाळ्यात उडाला. करून घेतलेली आजही चालते.

मापे अशी ठेवावीत. आतला पत्र्याचा हौद वरून ५० सेंटिमीटर चौरस आणि खोली सुमारे १८ सेंटिमीटर. बाजू खाली थोड्या निमुळत्या, म्हणजे तिरपे ऊनही तळाला पोचते. हौद ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा चांगला. त्याला आतून बिनचमकेचा काळा रंग द्यावा. बाहेरची लाकडी पेटी चारही बाजूंनी आणि खालून ६ ते ७ सेंटिमीटर मोठी ठेवावी. या पोकळीत आच धरणारा थर भरायचा असतो.

थरासाठी ग्लासवूल सर्वात निर्धोक. भरताना हातमोजे घालावेत व तोंडाला फडके बांधावे. आमच्या दुकानात आणि शेजारच्या शिंप्यांकडे सुती चिंध्यांचा ढीग पडतो, म्हणून आम्ही चिंध्या वापरून पाहिल्या. काम झाले, पण दोन पथ्ये पाळावी लागतात. एक, चिंध्या कोरड्या व शुद्ध सुती असाव्यात. पॉलिस्टरची चिंधी आचेने वितळते. दोन, काळ्या हौदाला चिंधी थेट टेकू नये. मध्ये ॲल्युमिनियमच्या कागदाचे दोन थर आणि जाड पुठ्ठा घालावा. थर्माकोल मुळीच भरू नये. शंभर अंशांच्या आसपास तो आक्रसतो व घाण वास सोडतो.

वर ४ मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये सव्वा ते दीड सेंटिमीटर अंतर. टफन्ड काच मिळाली तर तीच घ्यावी. आमची साधी काच एकदा तापलेली असताना थंड पाण्याच्या चार थेंबांनी तडकली. झाकणाच्या कडेला रबराची किंवा जाड नमद्याची पट्टी अशी बसवावी की कागदाची चिठ्ठी मध्ये दाबली तर सहज ओढता येऊ नये. पेटी चांगली की वाईट हे या एका कसोटीवर कळते. आरसा काचेच्याच मापाचा, मागे प्लायवूड आणि कडेला ओल न शिरणारी पट्टी.

नवी पेटी लागलीच वापरू नये. दोन-तीन दिवस रिकामी उन्हात तापवावी, म्हणजे रंगाचा वास निघून जाईल. तोपर्यंत त्यात अन्न ठेवू नये.

ऊन कधी, किती?

आमचे गाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र तो दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४५-४६ अंशच चढतो. म्हणजे हिवाळ्यात सपाट ठेवलेल्या काचेवर उन्हाळ्याच्या मानाने सुमारे सत्तर टक्केच ऊन पडते. उपाय सोपा आहे. हिवाळ्यात पेटीच्या उत्तरेकडच्या बाजूखाली विटा ठेवून काच दक्षिणेकडे कलती करावी. आतला साचा सरळ राहावा म्हणून त्याच्याखाली पाचर द्यावी.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर चालते. आपण तिच्या पश्चिमेला आहोत. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे. नोव्हेंबरच्या आरंभी बारा वाजून सात-आठ मिनिटांनी आणि फेब्रुवारीच्या मध्यावर साडेबारानंतर येतो. पावासाठी उत्तम वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन. पेटी दर अर्ध्या-पाऊण तासाने सूर्याकडे फिरवावी. पेटीची सावली सरळ मागे पडते की नाही एवढे पाहिले तरी पुरे.

जून ते सप्टेंबर या दिवसांत सूर्यचुलीवर भिस्त ठेवू नये. वर्षातले आठ महिने आपले, चार महिने ढगांचे, असाच हिशेब धरावा.

पाणी, खमीर आणि पीठ

आमच्या भागातील वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पूर्णेच्या खोऱ्यातील हा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अनेक गावांत विहिरीचे व बोअरचे पाणी खारट आहे. खाऱ्या पाण्यात खमीर मंदावते आणि पाव चवीलाही कडवट-खारट लागतो. आमचे पहिले दोन पाव विटेसारखे झाले, तेव्हा आम्ही ऊन कमी पडले असे समजलो. खरा दोष पाण्याचा होता. नळाचे गोडे पाणी घेतले आणि त्याच पेटीत त्याच दिवसांत पाव फुगला. गोडे पाणी नसेल तर मीठ निम्मे करावे आणि फुगायला अधिक वेळ द्यावा.

एका साच्याचे प्रमाण असे आहे : मैदा ३०० ग्रॅम, गव्हाचे पीठ १०० ग्रॅम, कोरडे दाणेदार यीस्ट ४ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, तेल एक मोठा चमचा, पाणी सुमारे २५० मिलिलिटर. हे चमच्याने नव्हे, काट्यावर मोजावे. व्यापारी माणसाला हे सांगणे नको, पण घरात हमखास अंदाजाने घेतले जाते आणि मग रोज पाव वेगळा होतो.

पीठ दहा-बारा मिनिटे चांगले मळावे. बोटाने ताणले तर न फाटता पातळ पडदा दिसला पाहिजे. नंतर ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवावे. फेब्रुवारीत दुप्पट व्हायला तास-दीड तास लागतो, डिसेंबरात दोन तासही लागतात. मे महिन्यात मात्र सावध राहावे. घरातच ४० अंश असले तर पीठ पाऊण तासात उतू जाते, आंबते आणि पाव बसतो. त्या दिवसांत यीस्ट निम्मे घ्यावे व माठाचे पाणी वापरावे. पीठ फुगण्यासाठी ते उन्हात किंवा सूर्यचुलीत कधीही ठेवू नये. पन्नास-पंचावन्न अंशांपुढे खमीर मरते, आणि मेलेल्या खमिराने पाव वर येत नाही.

एकदा फुगलेले पीठ दाबून हवा काढावी, गोळा वळून तेल लावलेल्या साच्यात ठेवावा. साचा पातळ पत्र्याचा, बाहेरून काळा, वर काळे झाकण. आतून रंग कधीही लावू नये. पीठ साच्याच्या निम्म्याला यावे. ते पाऊण साच्यापर्यंत फुगले की पेटीत घालायची वेळ झाली.

भाजणे

आमच्या घरचा क्रम असा आहे. सकाळी नऊला पीठ मळून होते. साडेनऊला रिकामी पेटी उन्हात जाते, म्हणजे साचा घालायच्या वेळी ती शंभर अंशांपुढे तापलेली असते. हे फार महत्त्वाचे आहे. गार पेटीत साचा घातला तर पीठ आधी जास्त फुगते, मग खाली बसते. शिवाय कोमट अवस्थेत कच्चे पीठ तासन्‌तास राहणे आरोग्यालाही चांगले नाही. सव्वाअकराला साचा आत जातो. मार्च-एप्रिलमध्ये दोन ते अडीच तासांत पाव होतो, डिसेंबर-जानेवारीत तीन तास लागतात.

मध्ये झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. एकदा उघडले की दहा-पंधरा मिनिटांची आच गेली. पाव झाला की नाही ते असे ओळखावे : तो साच्याच्या कडा सोडतो, विणायची सुई मध्ये खुपसली तर कोरडी निघते, आणि खालून टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो.

रंगाबद्दल आधीच सांगून ठेवतो. पावाची साल १४० अंशांच्या खाली लाल होत नाही, म्हणून उन्हाचा पाव फिकट दिसतो. तो कच्चा नसतो. गिऱ्हाइकाला किंवा पाहुण्याला रंग हवाच असेल तर भाजायच्या आधी वरून दूध व गुळाचे पाणी लावावे, आणि शेवटी पाव उलटा करून तापलेल्या तव्यावर दोन मिनिटे धरावा.

मध्येच आभाळ आले तर? घाबरू नये. प्रेशर कुकरमध्ये तळाला जाड मीठ किंवा वाळू पसरावी, शिटी व रबर काढावे आणि साचा त्यात ठेवून मंद गॅसवर उरलेले भाजणे पुरे करावे. ही तयारी आधीच करून ठेवावी. अर्धा भाजलेला पाव दुसऱ्या दिवशीच्या उन्हाची वाट पाहत ठेवू नये. तो फेकून द्यावा लागतो, आणि अन्न फेकणे आपल्याला शोभत नाही.

आरशाकडे नजर लावून पाहू नये, मुलांना जवळ खेळू देऊ नये, साचा जाड फडक्याने धरावा. पेटीला ज्वाळा नसते, म्हणून लोक बेफिकीर होतात आणि हात भाजून घेतात.

आता हिशेब

आता व्यापाऱ्याच्या कामाचे बोलू. भर दुपारी एक चौरस मीटरवर जास्तीत जास्त हजार वॅट ऊन पडते. आपली काच पाव चौरस मीटरची, म्हणजे अडीचशे वॅट. आरशाने ते साडेतीनशे-चारशे होतात. काचेतून परतणारे आणि भिंतीतून गळणारे वजा केले तर अन्नाला शे-सव्वाशे वॅट मिळतात. घरातला विजेचा लहान ओव्हन हजार-बाराशे वॅटचा असतो. म्हणजे पेटीची ताकद त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर कोणताही विक्रेता आपल्याला फसवू शकत नाही.

बचत किती होते? कुकरमध्ये वाळूवर एक पाव भाजायला आमच्या मोजणीने अंदाजे ७० ग्रॅम गॅस लागला. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये असे सुमारे दोनशे पाव होतील. आज सिलिंडरची जी किंमत असेल तिला दोनशेने भागा. तेवढीच एका पावाची बचत. चार-पाच रुपयांच्या आसपास. पेटीचा खर्च नुसत्या पावावर निघायला कित्येक वर्षे लागतील. त्याच पेटीत दुसऱ्या दिवशी डाळ, भात, अंडी, रताळी शिजवली, शेंगदाणे भाजले, तरच ती लवकर फिटते. घरासाठी घ्यावी ती या समजुतीने घ्यावी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचा एक तरुण कागद घेऊन दुकानात आला. कोणा विक्रेत्याने त्याला सांगितले होते की दहा पेट्या घ्या, इंधन फुकट, रोज पावाचा धंदा करा. तो कर्ज काढायच्या बेतात होता, तेही व्याजाने. आम्ही त्याला शेजारी बसवून हिशेब मांडला. एका पेटीत चांगल्या उन्हाच्या दिवशी पाऊण ते एक किलो मैद्याचा माल होतो. दहा पेट्यांत दहा किलो. दहा पेट्या दर अर्ध्या तासाने फिरवायला एक माणूस दिवसभर गच्चीवर उन्हात. वर्षातले चार महिने धंदा बंद, हप्ता मात्र चालू.

आणि सर्वात मोठी अडचण शेवटी ध्यानात आली. पावाचे गिऱ्हाईक पहाटे सहाला दारात उभे असते, आणि उन्हाचा पाव तयार होतो दुपारी दोनला. चहाच्या टपरीला, मिसळीच्या हॉटेलाला कालचा पाव चालत नाही. गिऱ्हाईक सकाळचे आणि चूल दुपारची, हा मेळ बसत नाही. त्या तरुणाने कागद घडी करून खिशात ठेवला. कर्ज टळले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. आम्ही त्याला म्हटले, जो माल दुपारी तयार झाला तरी चार दिवस टिकतो तो उन्हात कर. असा माल दोन प्रकारचा आहे. पहिला टोस्ट. बेकरीत उरलेला कालचा पाव निम्म्या भावात मिळतो. त्याचे बोटभर जाड काप करून जाळीवर एका थरात पेटीत मांडावेत आणि वाफ बाहेर पडावी म्हणून झाकणाखाली काडीएवढी फट ठेवावी. दोन-अडीच तासांत काप खणखणीत वाळतात. टोस्टला मोठी आच लागतच नाही, सावकाश सुकणे लागते, आणि सूर्यचुलीला तेच उत्तम येते. दुसरी नानखटाई. ती पेटीत तास-दीड तासात होते, रंगाने फिकट पण तोंडात विरघळणारी. त्याने एकच पेटी आमच्या सुताराकडून करून घेतली, तीही साठवलेल्या पैशातून. आज त्याच्या घरच्या स्त्रिया उन्हाळा-हिवाळा टोस्ट करतात आणि गावातली तीन-चार दुकाने ते घेतात. मोठी कमाई नाही, पण डोक्यावर कर्जही नाही.

एक महिना मात्र असा आहे की ज्यात गिऱ्हाइकाची आणि उन्हाची वेळ जुळते. तो रमजान. इफ्तारसाठी ताजा पाव दुपारनंतर लागतो. २०२५ मध्ये रमजान मार्चमध्ये आला, २०२६ मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये. पुढे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत हिवाळ्यात जाईल. म्हणजे आणखी काही वर्षे रमजान कोरड्या, स्वच्छ आभाळाच्या दिवसांत येणार आहे. दुपारी तीनला पाव तयार, बंद पेटीत मगरीबच्या वेळेपर्यंत कोमट. शिवाय रोजा असलेल्या बाईला भर दुपारी गॅससमोर उभे राहावे लागत नाही. आमच्या घरात या चुलीची खरी कदर त्याच महिन्यात झाली.

मोठ्या आरशांचे काय?

कोणी म्हणेल, शिर्डीला हजारो लोकांचे जेवण उन्हावर होते, मग पाव का नाही? शिर्डी संस्थानने २००९ मध्ये ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या, प्रत्येक तबकडी १६ चौरस मीटरची. त्यांच्या आचेने वाफ तयार होते आणि वाफेवर डाळ-भात शिजतो. वाफेने पाव भाजत नाही, त्याला कोरडी आच लागते. शिवाय एवढे भांडवल संस्थेचे असते, एका नानबाईचे नव्हे.

आमच्या अधिक जवळचे उदाहरण धुळ्याचे आहे. तेथील प्रा. अजय चांडक यांनी ‘प्रिन्स’ नावाच्या तबकडीच्या आकाराच्या सूर्यचुली तयार केल्या. तबकडीच्या मध्यावर आच पेटीपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे तळणे-भाजणेही होते. मात्र ती सूर्याकडे पेटीपेक्षा अधिक वेळा फिरवावी लागते. फ्रान्समध्ये आर्नो क्रेतो नावाचा नानबाई ११ चौरस मीटरच्या आरशांच्या भट्टीवर पाव विकतो. पण तो सूर्याच्या वेळापत्रकाने काम करतो, आणि त्याचा जाड सालीचा पाव अनेक दिवस टिकतो. चिलीच्या विलासेका गावातील स्त्रिया सूर्यचुलीवर पाव व जेवण करून प्रवाशांना वाढतात. तेथे गिऱ्हाईक दुपारच्या जेवणाला येते. पाहा, जिथे जिथे हा धंदा टिकला तिथे टिकणारा माल किंवा दुपारचे गिऱ्हाईक आहे. आमच्या तीन वर्षांच्या अनुभवाचे सार यापेक्षा वेगळे नाही.

म्हणून आपल्या भागातील बेकरी बांधवांना आमचा सल्ला असा आहे. लाकूड सोडायची वेळ आली तर मुख्य भट्टीसाठी गॅस किंवा विजेचाच विचार करावा. सूर्यचूल टोस्टला, नानखटाईला आणि पाणी तापवायला जोडीला घ्यावी. एका पेटीपासून आरंभ करावा, सहा महिने वहीत रोजचे ऊन, माल व विक्री लिहावी, मग दुसरी पेटी. व्याजाच्या पैशाने घेऊ नये.

विकायचे ठरवले तर दोन गोष्टी चुकवू नयेत. घरी केलेला खाद्यपदार्थ विकायलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती करून घ्यावी आणि पुड्यावर वजन व तयार केल्याची तारीख लिहावी. दुसरी गोष्ट वजनाची. ४०० ग्रॅम पिठाचा गोळा साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, पण भाजल्यावर दहावा हिस्सा वाफ होऊन जातो. टोस्ट तर वाळून पावाच्या सुमारे दोन-तृतीयांश वजनाचा राहतो. विकताना भाजल्यानंतरचे वजन धरावे, गोळ्याचे नव्हे. माप-तोलात कमी करू नये हा हुकूम आपल्या सर्वांना पाठ आहे. पाळायची जागा हीच.

आमच्या गावाच्या नावातला ‘बकाल’ वाचताना उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला ‘बक्काल’ हा शब्द आठवतोच. बक्काल म्हणजे धान्य-किराणा विकणारा. ऊन अल्लाहची देणगी आहे, ते तोलून विकता येत नाही. पण त्याने काय होते आणि काय होत नाही हे तोलून पाहणे मात्र बक्कालाचे काम आहे. जो हे आधी तोलील त्याचा पैसा वाचेल आणि त्याच्या छोट्याशा धंद्यातही इन्शाअल्लाह बरकत होईल.